रुसकं बी

बीवाल्या काकू सहा आठवड्यांनी घरी आल्या. बॅग दारातच टाकली, चपलाही न काढता स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारापाशी गेल्या आणि कडी काढली. दार उघडायच्या आधीच त्यांना वास आला. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो, तसा. त्यांनी दार उघडलं आणि पुढची पाच मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत. काकू गप्प झाल्या की समजावं, आता काही खरं नाही.

दाराबाहेर, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्या मधोमध, चाळीस पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी जमिनीची पट्टी होती. काकू गेल्या तेव्हा तिथे जांभळे तुरे होते, निळी बारीक फुलं होती, पिवळ्या फुलांची ठेंगणी झुडपं होती आणि त्या सगळ्यावर इतक्या मधमाश्या की तळमजल्यावरची माणसं खिडकी लावून दुपारची झोप काढायची. आता तिथे चिखल होता. काळी पडलेली देठं त्यात आडवी झाली होती आणि त्यांच्यामधून हिरवंगार, माजलेलं, कोणी न बोलावलेलं गवत वर आलं होतं.

मागे चावीकाका येऊन उभे राहिले. काकूंचे यजमान. हातात झारी होती.

"जरा मलूल झालीयेत," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यापासून. म्हणून मी दुप्पट पाणी द्यायला लागलोय."

"तुम्ही पाणी घातलंत?"

"रोज!" काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "एक दिवस चुकवला नाही. चारच्या ठोक्याला."

काकूंनी त्यांच्या हातातली झारी घेतली आणि भिंतीवर आपटली. झारी पत्र्याची होती, तिला फक्त पोचा आला. त्याचाही काकूंना राग आला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर काकू उगाच कजाग वाटतील. त्या कजाग होत्याच, पण उगाच नव्हत्या.

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत बियाणं तपासलं. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, ठरलेले दिवस थांबायचं, किती उगवल्या ते मोजायचं. एकही नाही उगवली तर पाकिटावर शिक्का मारायचा : निर्जीव. त्या शिक्क्यावर अपील नव्हतं. निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला, आणि नेमकी तेव्हा त्यांची नजर मागच्या पट्टीवर पडली.

पट्टीत बांधकामाची डबर होती आणि दगडासारखी माती. सोसायटीने तिथे तीनदा हिरवळ लावली होती. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. हिरवळ तीनदा मेली. मग सेक्रेटरीने ठरवलं की पेव्हर ब्लॉक घालायचे आणि गाड्या लावायच्या. काकू सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला द्या. एक थेंब पाणी न मागता बाग करून दाखवते." सगळे हसले. सेक्रेटरीने हसत हसत ठराव लिहून घेतला : दोन वर्षांनंतरच्या वार्षिक सभेपर्यंत बाग दिसली तर बाग, नाहीतर ब्लॉक.

काकूंनी नर्सरीतून काही आणलं नाही. गावाबाहेर दगडगोट्यांचा माळ आहे, वर्षातले आठ महिने कोरडा ठणठणीत. तिथे जे आपोआप उगवतं त्याचंच बी त्यांनी हाताने खुडून आणलं. लोक ज्याला रान म्हणतात ते. पहिलं वर्ष काहीच दिसलं नाही. सेक्रेटरी येता-जाता म्हणायचा, "काकू, माती मस्त उगवलीये यंदा!" पण ही झाडं आधी खाली जातात, मग वर येतात. दुसऱ्या वर्षी पट्टी फुलली आणि माश्या आल्या. मोठे काळे भुंगे आले, फुलपाखरं आली, आणि तिळाएवढ्या इवल्या मधमाश्या आल्या, ज्या पोळं बांधत नाहीत. एकेकटीच कडक उघड्या मातीत भोक पाडते आणि त्यात घर करते. काकूंनी त्या भोकांभोवती खडे मांडून ठेवले, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

आणखी एक गोष्ट झाली. सेक्रेटरीच्या आईने कुंपणाच्या भिंतीवर भोपळ्याचा वेल चढवला होता. वर्षानुवर्षं त्याला फुलं यायची आणि गळून पडायची. म्हातारी पहाटे उठून कापसाच्या काडीने एका फुलातला पराग दुसऱ्याला लावायची, तरी एखाददुसराच भोपळा धरायचा. पट्टी फुलली त्या वर्षी अकरा भोपळे आले. "काकू, तुमच्या माश्यांना माझा नमस्कार सांगा," म्हातारी वेलापाशी उभी राहून म्हणाली होती.

सभेला दीड महिना उरला असताना काकूंची धाकटी बहीण न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. काकूंना जावंच लागलं. जाताना त्यांनी काकांना समोर बसवून सांगितलं, "हात लावायचा नाही. एक थेंबही पाणी घालायचं नाही. झाडांनी मान टाकली तरी नाही. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले.

आता काकांचंही ऐका. चौतीस वर्षं ते पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचे, जमिनीतलं झाकण उचलायचे, चावी घालून फिरवायचे. उघडलं की एका गल्लीला पाणी, बंद केलं की दुसरीच्या शिव्या. एवढी वर्षं लोकांनी एकाच गोष्टीसाठी त्यांची कॉलर धरली होती : पाणी का नाही? पाणी जास्त झालं म्हणून कोणी कधी भांडायला आलं नव्हतं. तर काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मागचं दार उघडलं आणि पाहिलं, तर सगळ्या झाडांनी माना टाकलेल्या. त्यांना राहवेना. त्यांनी आंघोळीचं पाणी साठवलं होतं ते झारीने घातलं. संध्याकाळी येऊन पाहतात, तर झाडं ताठ उभी.

झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मान खाली, पुन्हा पाणी, संध्याकाळी पुन्हा ताठ. रोज पुरावा मिळत होता. ही झाडं कडक उन्हात स्वतःहूनच मान टाकतात, अंगातलं पाणी वाचवण्यासाठी, आणि ऊन उतरलं की आपोआप उठतात, हे काकांना कोण सांगणार? ज्या बाईने सांगायचं ती बहिणीच्या पलंगापाशी बसून फोनवर विचारत होती, "बाग कशी आहे?" आणि हे उत्तर देत होते, "एकदम टवटवीत! तू काळजीच करू नकोस." काकू फोन ठेवून बहिणीला सांगायच्या, "बघ, म्हटलं होतं ना, या झाडांना कुणाची गरज लागत नाही."

आंघोळीचं पाणी पुरेना, तेव्हा काकांनी इमारतीच्या टाकीवरचा मागचा नळ सोडला.

"एकच गोष्ट सांगितली होती," काकू आता म्हणत होत्या. "एकच. दहा नाही. काही करू नका, एवढंच सांगितलं होतं. माणसाला काही न करणंसुद्धा जमू नये?"

"मान टाकली होती गं त्यांनी."

"टाकू द्यायची होती!"

त्या चिखलात उतरल्या. खड्यांची वर्तुळं जागेवर होती. आतली भोकं बुजली होती, वरून हिरवं शेवाळ धरलं होतं. काकूंनी एका वर्तुळात बोट घालून पाहिलं आणि हात पदराला पुसला. त्या रात्री काका जेवले की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्या काकांशी बोलल्याही नाहीत.

तिसऱ्या दिवशी सभा होती. सेक्रेटरी आदल्या संध्याकाळी नाकाला रुमाल लावून पट्टी पाहून गेला होता, त्यामुळे चर्चा फार झाली नाही. तो म्हणाला, "काकूंनी प्रयत्न केला, आपण कौतुक करू या, पण दिसतंय ते दिसतंय." मग काका उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"बाग हिने नाही मारली," ते म्हणाले. "मी मारली. पाणी घालून घालून."

कोणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळी सभा हसली. "एरवी थेंबाथेंबाला रडवलंत, आणि द्यायचं नव्हतं तिथे दिलंत!" कोणीतरी मागून ओरडलं. सेक्रेटरीने तर डोळे पुसले. काका तसेच उभे होते, दोन्ही हात खाली सोडून.

काकू खुर्ची मागे सारून उठल्या. "बास!" त्या म्हणाल्या. "कोण हसलं आत्ता? ज्याने या जन्मात एक तरी रोप जगवलंय त्याने हसावं. यांनी निदान मरतंय असं वाटलं म्हणून पाणी तरी घातलं. तुमच्यापैकी कोणी सहा आठवड्यांत मागचं दार उघडून पाहिलं का? नाही ना? मग यांना बोलायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही. आणि मी बोलत नाहीये!"

यावरही थोडं हसू झालं, पण दबकं. ठराव व्हायचा तो झालाच. सेक्रेटरीच्या आई कोपऱ्यात बसल्या होत्या; त्यांनी हात वर केला नाही आणि तोंडही उघडलं नाही. घरी जाताना काका म्हणाले, "बरं बोललीस." काकूंनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात ब्लॉक आले आणि पट्टीच्या टोकाला त्यांची चळत लागली. काम सुरू व्हायला अजून दिवस होते. काकू रोज सकाळी मागचं दार उघडायच्या, उगाचच. जिभेने दुखरा दात चाचपावा, तसं. पाणी थांबल्यावर माजलेलं गवत दोन आठवड्यांत पिवळं पडलं. फुकटचं मिळालेलं होतं ते, टिकणार किती? काकूंना त्याचा खुनशी आनंद झाला. त्या ते मुठीने उपटायला लागल्या. जागा ब्लॉकखालीच जाणार होती, तरी हे गवत त्यांना तिथे नको होतं.

घरी आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी उपटता उपटता त्यांचा हात थांबला.

गवताच्या बुडाशी रोपं होती. बोटाच्या पेरापेक्षा मोठी नाहीत. जाडसर दोन पानं, मधे खाच. एक नाही, दोन नाही, बघावं तिथे. माळावरच्या आपल्या प्रत्येक झाडाचं रोप काकू अंधारात चाचपून ओळखू शकल्या असत्या, आणि हे त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांनी एक अलगद उपटलं आणि उन्हात धरलं. पानाच्या टोकाला बियाचं टरफल अजून चिकटून होतं. चपटं, काळं, कडेला पांढरी रेघ.

काकू तिथेच मातीत बसल्या.

ते टरफल त्यांनी एकतीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याच माळावरून गोळा होऊन प्रयोगशाळेत यायचं ते. त्यांनी त्याला थंडीत ठेवून पाहिलं होतं, गरम पाण्यात बुडवून पाहिलं होतं, पॉलिश पेपरने घासून पाहिलं होतं. दर खेपेला शून्य. त्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, रुसकं बी. मग शिक्का : निर्जीव. निवृत्त होताना टाकून द्यायची पाकिटं त्यांनी घरी आणली आणि पहिल्याच वर्षी या पट्टीत झटकून रिकामी केली, कचऱ्यात जाण्यापेक्षा मातीत जाऊ दे म्हणून.

आणि ते मेलेलं नव्हतंच. त्याच्या सालीत असं काहीतरी असणार, जे धुऊन गेल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. एका सरीने नाही, चार दिवसांच्या झडीनेही नाही; मधे उघडीप पडली की पुन्हा पहिल्यापासून. माळावरचं बी ते, दोन थेंबांना फसायला तयार नव्हतं. प्रयोगशाळेत त्यांनी ते जास्तीत जास्त दोन दिवस भिजवलं होतं. सहा आठवडे रोज न चुकता चारच्या ठोक्याला कोणी शहाणा माणूस बी धुतो का? त्यासाठी वेडाच लागतो.

काकूंना आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. स्वतःचाच. एकतीस वर्षं किती पाकिटांवर तो शिक्का मारला असेल? किती जिवंत बी केराच्या डब्यात गेलं असेल, केवळ ठरलेले दिवस संपले म्हणून?

त्या तशाच मातीच्या हातांनी सेक्रेटरीकडे गेल्या आणि तळहातावरचं रोप त्याच्यासमोर धरलं.

"गवत आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"हे गवत नाही. सगळी पट्टी भरलीये याने. मला सहा आठवडे द्या."

"काकू, सभेत तुमच्याच घरातून सांगितलं ना, सगळं मेलं म्हणून? आता ठराव झालाय. उद्या सकाळी माणसं येतायत."

"ठराव बागेवर झाला होता. बाग इथे उगवतेय!"

"उद्या सकाळी," सेक्रेटरीने दार लावता लावता म्हटलं.

काकू घरी आल्या. काका खिडकीशी पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून बसले होते. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकोणीस दिवसांनी पहिलं वाक्य बोलल्या.

"अहो, ब्लॉक घालायला पाणी लागतं का?"

काकांनी पेपर खाली ठेवला. "लागतं म्हणजे? खालचा थर ओला करून दाबल्याशिवाय ब्लॉक बसतच नाही. कडेला सिमेंट लागतं ते वेगळं. का?"

"मागच्या नळाचा व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"जमिनीत. इमारत बांधली तेव्हा मीच बसवून घेतला होता. दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही."

"बंद करता येईल?"

काका उठले आणि पलंगाखालून, गोणपाटात गुंडाळलेली, खांद्याएवढी लोखंडी चावी बाहेर ओढली. "अगं, मला उघडायला कमी आणि बंद करायलाच जास्त पगार देत होते," ते म्हणाले.

सकाळी ठेकेदाराची माणसं आली, फावडी आली, माती ठोकायचा धुमस आला. नळ सोडला तर नळाने नुसती फुंकर मारली. सेक्रेटरी धावत आला. घरातल्या नळांना पाणी होतं, याच नळाला नव्हतं. काका मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, चावी मांडीवर आडवी.

"काका, पाणी का नाही?"

हा प्रश्न काकांनी चौतीस वर्षं ऐकला होता. "दुरुस्तीचं काम चालू आहे," ते म्हणाले. "सहकार्य करावे."

"कसली दुरुस्ती? कोण करतंय?"

"मी. मी केलेल्या नुकसानीची."

सेक्रेटरीने आरडाओरडा केला, नोटीस काढीन म्हणाला, ठेकेदाराला वरून पाइप सोडायला सांगितलं. वरच्या मजल्यांवर ज्याच्या त्याच्या टाकीत मोजकं पाणी. ठोकळ्यांसाठी कोण देतो? ठेकेदाराने तासभर वाट पाहिली आणि माणसं दुसऱ्या कामावर नेली. ठेकेदार एकदा गेला की महिनाभर तोंड दाखवत नाही, ही एवढी एक गोष्ट त्या दिवशी काकूंच्या बाजूने होती.

रोपं वाढली. भांडणं चालूच राहिली. नोटीस आली, काकूंनी तिची पुडी करून तिच्यात माळावरून आणलेलं नवीन बी ठेवलं. पाच आठवड्यांनी पहिली कळी उमलली, पांढरी, आत तांबूस. मग एकदम सगळी पट्टी. काळे भुंगे माळावरून परत आले. तिळाएवढ्या माश्या मात्र फक्त दोनच दिसल्या. निळी फुलं आली नाहीत, जांभळे तुरेही आले नाहीत. काकू ते विसरल्या नाहीत आणि विसरूही देत नव्हत्या.

भोपळ्याच्या वेलाला त्या वर्षी तोवर एकही फळ धरलं नव्हतं. त्या आठवड्यात तीन धरली. सेक्रेटरीच्या आई भिंतीपाशी उभ्या राहिल्या, तिन्ही फळं हाताने चाचपली आणि मुलाला सगळ्यांसमोर हाक मारली. "सभेत गप्प बसले, ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "पण आता ऐक. ते ठोकळे तुला एवढेच आवडत असतील तर तुझ्या झोपायच्या खोलीत घाल. इथे एक जरी पडला, तर मी त्यावर बसेन आणि उठणार नाही." ठराव अजून कागदावर आहे. ब्लॉकही चळत लावून तिथेच आहेत, त्यांच्या फटींत पाली राहतात.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता काका सवयीने मागच्या दारात आले. ऊन मी म्हणत होतं. सगळ्या झाडांनी माना टाकल्या होत्या. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"मान टाकलीये गं," ते म्हणाले.

"टाकू दे."

"उठेल?"

"बसा आणि बघा."

काका पायरीवर बसले. पाच वाजले, काही नाही. साडेपाच वाजले. ते मधूनच उठू पाहायचे आणि काकू नुसतं बघायच्या, की पुन्हा बसायचे. ऊन भिंतीवर चढलं, पट्टीवर सावली आली. मग कोपऱ्यातल्या एका रोपाने मान उचलली. मग शेजारच्याने. सातच्या सुमारास सगळी पट्टी ताठ उभी होती, आणि मातीवर पाण्याचा थेंब नव्हता.

"म्हणजे तेव्हाही," काका म्हणाले, "तेव्हाही रोज ती आपली आपणच उठत होती?"

"हो."

"आणि मला वाटायचं, मी..."

काकूंच्या पोटात अजून राग होता, निळ्या फुलांचा, बुजलेल्या भोकांचा, आणि तो जाणारही नव्हता. त्या पायरीवर काकांच्या शेजारी बसल्या. "तुम्ही नसतात तर ही पांढरी उगवली नसती," त्या रागानेच म्हणाल्या. "पण पुन्हा झारीला हात लावलात, तर हात तोडीन."